कंटेनर : बंद डब्याचं खरं वजन

खोपटच्या एसटी स्टँडवरून माजिवडा नाक्याकडे गेलात की कंटेनर लादलेले ट्रेलर दिसतातच. आपण ट्रॅफिकच्या नावाने बोटं मोडतो आणि पुढे जातो. यातले बरेचसे डबे उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरातून आलेले किंवा तिकडे निघालेले असतात. 1989 साली सुरू झालेल्या या बंदराने 2024-25 मध्ये 70 लाखांहून जास्त डबे हाताळले. हा हिशोब वीस फुटी डब्याचा. चाळीस फुटी डबा दोन धरतात. एवढा मोठा व्यवहार एका साध्या आकड्यावर उभा आहे, तो म्हणजे डब्याचं वजन.

डबा आणि कागद

पूर्वी गोणी, पिंपं, खोकी एकेक करून जहाजावर चढत आणि जहाज दिवसेंदिवस बंदरात अडकून पडे. 26 एप्रिल 1956 रोजी अमेरिकेत माल्कम मॅकलीन यांचं 'आयडियल एक्स' हे जहाज 58 डबे घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं आणि चित्र बदलायला लागलं. ट्रेलरवरचा डबा क्रेनने उचलायचा, जहाजावर ठेवायचा, कोपऱ्यात ट्विस्टलॉक फिरवला की काम झालं.

पण गोणी उचलणाऱ्या हमालाला वजन पाठीवर कळायचं. बंद डब्याचं बाहेरून काहीच कळत नाही. समजा, वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कारखान्यातून पंप परदेशी जायचेत. डबा कारखान्यातच भरला, सील लागलं. शिपिंग लाइन तो उघडून बघत नाही. बिल ऑफ लेडिंगवर 'सेड टू कंटेन', म्हणजे 'माल पाठवणाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे', असं लिहून ती मोकळी होते. कुठला डबा जहाजावर कुठे बसणार हे कागदावरच्या वजनावरूनच ठरतं. साधारण नियम असा की जड डबे खाली, हलके वर. म्हणजे कागद खोटा असेल तर जड डबा नेमका वर जाऊन बसतो!

छोटंसं गणित

समजा, मालासकट जहाज 10,000 टनांचं आहे. वरच्या थरातले डबे कागदापेक्षा एकूण 300 टन जड आहेत आणि ते जहाजाच्या गुरुत्वमध्यापेक्षा 12 मीटर उंचावर आहेत. गुरुत्वमध्य किती वर सरकेल?

300 × 12 ÷ 10,300 = सुमारे 0.35 मीटर

दीड वीत! पण कललेल्या जहाजाला पुन्हा सरळ करणारी ताकद गुरुत्वमध्य आणि मेटासेंटर यांमधल्या अंतरावर अवलंबून असते. ते अंतर 80 सेंटिमीटर असेल तर आता उरलं 45. जहाज थोडं जास्त बुडाल्याने पडणारा फरक आपण इथे सोडून दिला आहे. किती बुडालं यावरून कॅप्टनला जादा वजनाचा अंदाज येईलही, पण ते कुठल्या थरात आहे हे कळणार नाही.

असं खरंच घडतं का? जानेवारी 2007 मध्ये इंग्लिश खाडीत 'एमएससी नापोली' या जहाजाचा सांगाडा वादळात तडकला. नंतर डेकवरच्या सुमारे 660 डब्यांची वजनं पडताळली. 137 डब्यांत तीन टनांहून जास्त फरक निघाला आणि एकूण वजन कागदापेक्षा 312 टन जादा भरलं. ते जहाज आपल्या उदाहरणापेक्षा खूप मोठं होतं आणि मूळ दोष सांगाड्याच्या मजबुतीत होता. तरी कागदावर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न जगासमोर आलाच.

आपल्या दारात

7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-3' या जहाजांची टक्कर झाली. इथे दोष वजनाचा नव्हता. पण चित्रा कलंडलं, शेकडो डबे समुद्रात पडले, आणि मुंबई व न्हावा शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. काही डब्यांत कीटकनाशकं होती. तरंगणाऱ्या डब्यात काय आहे हे अशा वेळी कागदच सांगतो.

नियम आणि आपण

1 जुलै 2016 पासून 'सोलास' या आंतरराष्ट्रीय करारानुसार भरलेल्या डब्याचं पडताळलेलं वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही. त्याचे दोन मार्ग आहेत. एक, भरलेला डबा वजनकाट्यावर घालायचा. दोन, माल, पॅकिंग आणि आतले टेकू वेगळे मोजून त्यात दारावर लिहिलेलं रिकाम्या डब्याचं वजन मिळवायचं. जबाबदारी माल पाठवणाऱ्याची, शिपिंग लाइनची नव्हे.

म्हणजे जबाबदारी आपल्यापर्यंत येते. उद्या आपल्यातला कुणी डिस्पॅचला असेल, कुणी स्टोअर्समध्ये. संध्याकाळी ट्रेलर दारात उभा असेल आणि कुणीतरी म्हणेल, "मागच्या वेळचाच आकडा टाक रे, दोन टनांनी काय होतंय?" एका डब्याने कदाचित काही होणारही नाही. पण त्या रात्री शंभर कारखान्यांत शंभर जणांनी तेच म्हटलं तर 200 टन होतात, आणि जहाजावर वीस-पंचवीस खलाशी झोपलेले असतात. तेव्हा आधी काटा, मग सही!