तिळा, दार उघड

गेल्या सुट्टीत मकतबमधील एक मुलगा पट्टी उगारून शेजाऱ्याच्या बंद दप्तरावर ‘अलोहोमोरा’ म्हणत होता. दुसरा धापा टाकीत माझ्याकडे आला: “मौलाना, याने शिर्क केला!” अपराध्याचे डोळे पाण्याने भरले होते.

हा शब्द हॅरी पॉटरच्या कथांतील. त्यांतील बरेच मंत्र लेखिकेने लॅटिनच्या धर्तीवर बेतले आहेत. त्यांत कोणा दैवताला हाक नाही की कोणाची उपासना नाही. गोष्ट वाचताना असे शब्द ओठांवर आले म्हणून ईमान जात नाही, असे माझे मत आहे. कर्मे हेतूंवर अवलंबून असतात, हे आपण जाणताच. ‘खरेच चालते का, पाहू’ म्हणून जादूच्या वाटेला जाणे मात्र निराळे; आदरणीय प्रेषितांनी (स.) विनाशक अशा सात पापांत शिर्कच्या लगोलग जादूचे नाव घेतले आहे.

आता या मंत्रांचा स्वभाव पाहा. पहिल्या पुस्तकात पीस तरंगवण्याचा धडा आहे. रॉनचा उच्चार चुकतो, पीस हलत नाही. हर्मायनी अचूक उच्चारते आणि ते उचलले जाते. अलीबाबाच्या गोष्टीतही हेच आहे. ‘सिमसिम’ म्हणजे अरबीत तीळ. लोभी कासिम तेवढा शब्द विसरतो, इतर धान्यांची नावे घेत राहतो आणि गुहेतच प्राणांस मुकतो. (ही गोष्ट ‘अरेबियन नाइट्स’च्या जुन्या अरबी हस्तलिखितांत नाही; ती हलबच्या हन्ना दियाब यांनी १७०९ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच अनुवादक गालां यांना सांगितली.) त्या दाराला दया नाही, न्याय नाही, इच्छाही नाही. शब्द जुळला तर ते उघडते, एवढेच.

मला भीती वाटते ती घरच्या गोष्टींची. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून १८८३ पासून निघालेल्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’त जादूगारांचे मायाजाल इस्मे-आझमने तुटते. दास्तान म्हणून ती मीही आवडीने वाचली. परंतु तेथे अल्लाहचे नाव हळूच मंत्राच्या जागी येऊन बसते, आणि वाचक ते कथेबाहेरही घेऊन जातो.

एकदा एक भगिनी आल्या. मुलाच्या दहावीसाठी त्यांनी एकेचाळीस दिवस वजीफा पढला होता. तरी मुलगा गणितात राहिला. “मौलाना, माझा ऐन चुकला असेल का हो?” त्या स्वतःला गुन्हेगार समजत होत्या. मी म्हणालो, “आपा, दुआ ही किल्ली नव्हे, ती अर्जी आहे. ज्याच्याकडे केली तो ऐकतो, जाणतो, आणि त्याची मर्जी आपल्या उच्चाराने बांधलेली नाही.” मग त्यांना ती हदीस सांगितली: पाप वा नातेतोडीची नसलेली दुआ वाया जात नाही, मागितलेले येथेच मिळते, किंवा आखिरतसाठी राखले जाते, किंवा तेवढेच संकट टळते.

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी विचारले, “म्हणजे तजवीद शिकायची गरज नाही?”

“जरूर शिका. कुरआनच्या अदबीसाठी शिका.”

आता त्या स्त्रियांच्या वर्गाला येतात. मुलगा जुलैच्या पुरवणी परीक्षेला बसला आहे.