व्होल्टेजला हात लावण्यापूर्वी

चि. तेजस यास,

ग्राफिक्स कार्डाचा क्लॉक वाढवणे आणि त्याला जादा व्होल्टेज देणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिले सॉफ्टवेअरमधून होते. चुकले तर संगणक पुन्हा सुरू केला की भागते. दुसरे डाख लावून केलेले असेल आणि चुकले, तर बहुधा कार्डच जाते. शिकण्याचा क्रमही म्हणून हाच असावा.

चिपमधल्या ट्रान्झिस्टरला पालटायला थोडा वेळ लागतो. क्लॉक वाढला की तो वेळ कमी पडतो आणि चुकीचा आकडा पुढे जातो. व्होल्टेज वाढवले की ट्रान्झिस्टर लवकर पालटतो, म्हणून जास्त क्लॉक पेलतो. मात्र चिपमध्ये खर्च होणारी शक्ती क्लॉकच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवले तर १.१ × १.१ × १.१, म्हणजे ३३ टक्के जादा उष्णता; वेग वाढणार फार तर १० टक्के. हा हिशेब कागदावर मांडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

२०१६ सालचे एनव्हिडियाचे जीटीएक्स १०८० हे शिकायला चांगले कार्ड. त्याचा छापील बूस्ट क्लॉक १,७३३ मेगाहर्ट्झ आणि शक्तीची मर्यादा १८० वॅट. तापमान व शक्तीला वाव असेल तर ते आपण होऊनच छापील आकड्याच्या वर जाते, आणि तापले की साधारण १३ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली उतरते. म्हणून पहिला उपाय थंडाव्याचा: धूळ काढणे, थर्मल पेस्ट बदलणे, पंख्याचा वेग वाढवणे. त्यानंतर आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये शक्तीची मर्यादा वर न्यावी आणि कोअर क्लॉक १५-२० मेगाहर्ट्झने वाढवत प्रत्येक टप्प्यावर जड गेम किंवा चाचणी निदान २० मिनिटे चालवावी. चित्रात ठिणग्या, उडणारे त्रिकोण दिसले किंवा ड्रायव्हर कोसळला की दोन पायऱ्या मागे यावे. हवेवर थंड होणारी बहुतेक १०८० कार्डे २,००० ते २,१०० मेगाहर्ट्झच्या दरम्यान थांबतात.

मेमरीचा क्लॉक कोअरबरोबर कधीही वाढवू नये. बिघाड कोणामुळे झाला ते मग कळत नाही. शिवाय या पिढीची मेमरी वाहतुकीतली चूक ओळखून तोच डेटा पुन्हा पाठवते. त्यामुळे चित्र स्वच्छ दिसते, पण चाचणीतले गुण घटतात. इथे डोळ्यांवर विसंबू नये, प्रत्येक टप्प्याचे गुण वहीत लिहावेत.

याच कार्डात सॉफ्टवेअरमधून १.०६२ वरून १.०९३ व्होल्टपर्यंत जाता येते. ही वाढ जेमतेम ३ टक्क्यांची, तिने उष्णता सुमारे ६ टक्क्यांनी वाढते आणि हाती लागतात क्लॉकच्या एखाददोन पायऱ्या. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते; जानेवारीत स्थिर ठरलेली मांडणी तेव्हा कोसळते. चाचणी उन्हाळ्यात पुन्हा घ्यावी.

डाखेचा व्होल्ट मॉड कसा चालतो, हे तो न करणाऱ्यालाही ठाऊक असावे. व्होल्टेज पुरवणारा कंट्रोलर दोन रेझिस्टरांच्या जोडीतून बाहेरचे व्होल्टेज मोजतो आणि फीडबॅक पिनवर ठरलेला आकडा टिकवून ठेवतो. समजा तो ०.६ व्होल्ट आहे आणि दोन्ही रेझिस्टर १,००० ओहमचे आहेत. तर बाहेर १.२ व्होल्ट मिळतात. जमिनीकडच्या रेझिस्टरला समांतर २०,००० ओहमचा प्रीसेट, म्हणजे फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर, जोडला की १.२३ व्होल्ट, १०,००० ओहमला १.२६. कंट्रोलरला बदल कळतच नाही. २००७ च्या ८८०० जीटीसारख्या कार्डांच्या काळात हौशी लोक डाखेऐवजी त्या रेझिस्टरवर पेन्सिल फिरवत. शिशातल्या ग्रॅफाइटमुळे रोध तसाच घटे. पण ग्रॅफाइट झडते, रोध सरकतो, म्हणून ती युक्ती आज करू नये.

मॉड करायचाच असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारा अनेक फेऱ्यांचा प्रीसेट वापरावा. त्याचा रोध मूळ रेझिस्टरच्या निदान वीसपट असावा आणि जोडण्यापूर्वी तो पूर्ण वर फिरवून मल्टिमीटरने खात्री करावी. प्रीसेट उलटा, म्हणजे शून्यावर, राहिला तर पहिल्या क्षणीच चिप जळू शकते. मापनासाठी तारा आधीच डाखून बाहेर आणाव्यात. चालू कार्डावर प्रोब घसरून दोन पाय एकत्र आले की तेवढ्याने कार्ड संपू शकते.

शंट मॉड याहून फसवा. कार्डाची शक्ती मोजणारे रेझिस्टर ०.००५ ओहमचे असतात. त्यावर तेवढाच दुसरा चढवला की कार्डाला निम्मीच शक्ती दिसते आणि मर्यादा नावापुरती उरते. आठ पिनी जोडणी १५० वॅटसाठी आणि स्लॉट ७५ वॅटसाठी आहे. मर्यादा पुसली तरी तारा आणि बोर्डातले तांबे तेवढेच राहते. काही जण शंटवर द्रव धातू लावतात. त्यातले गॅलियम डाख पोखरते आणि अॅल्युमिनियमचा हीटसिंक खाते.

लगेच न दिसणारे नुकसान इलेक्ट्रोमायग्रेशनचे. दाट प्रवाह आणि तापमान मिळून चिपमधल्या धातूच्या सूक्ष्म रेषांतले अणू हळूहळू सरकवतात. आज स्थिर असलेला क्लॉक काही महिन्यांनी टिकत नाही, आणि व्होल्टेज आणखी वाढवण्याचा मोह होतो. वॉरंटी तर डाखेच्या पहिल्याच थेंबाला जाते. तेव्हा असा मॉड जुन्या, बंद पडले तरी घरखर्चाला झळ न पोचवणाऱ्या कार्डावरच करावा.

रोजच्या कार्डासाठी उलटी दिशा धरावी. आफ्टरबर्नरच्या व्होल्टेज-क्लॉक आलेखात १,८५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा बिंदू ०.९५ व्होल्टवर बसवावा. बहुतेक १०८० तेवढ्यावर चालतात. त्याच क्लॉकला १.०६२ व्होल्टशी तुलना केली तर शक्ती सुमारे २० टक्क्यांनी घटते आणि पंखाही शांत होतो. चाचणीत अडखळले तर व्होल्टेज एक पायरी वर घ्यावे.

काका