माळावरील सकाळ

सोलापूरच्या उत्तरेस, बार्शीच्या रस्त्यावर, सुमारे २० किलोमीटर अंतरावर नान्नज हे गाव आहे. गावालगत खुरट्या गवताचे विस्तीर्ण माळरान पसरले आहे. चैत्रात हे गवत वाळून पिवळे पडते आणि परक्या माणसास वाटते, की येथे दगडमातीवाचून काहीच नाही. परंतु सूर्योदयाच्या वेळी एखाद्या बाभळीच्या आडोशास स्तब्ध बसावे, म्हणजे हा समज दूर होतो.

प्रथम टिटवीचा स्वर कानी पडतो. मग डोंबारी चंडोलाचा नर आकाशात चढतो, पंख मिटून खाली झेपावतो आणि भुई जवळ येताच पुन्हा वर उसळतो. डोंबाऱ्यास शोभतील अशाच या कसरती! पलीकडे धाविक पक्षी चार पावले तुरुतुरु धावतो, थबकतो आणि वाकून किडा टिपतो. हिवाळ्यात आलेले भोवत्या पक्षी मात्र आता उत्तरेकडे परतू लागलेले असतात.

टिटवी, चंडोल, धाविक यांपैकी कोणीही झाडावर घरटे बांधत नाही. ते जमिनीवरच अंडी घालतात. मातीशी मिळताजुळता रंग हेच त्या अंड्यांचे संरक्षण होय.

या माळाचा खरा राजा म्हणजे माळढोक. तो सुमारे एक मीटर उंच असून नराचे वजन १५ किलोपर्यंत भरते. त्याच्यासाठी येथे १९७९ साली अभयारण्य स्थापन झाले. तरीही आज तो येथून जवळजवळ नाहीसा झाला आहे. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते. त्यात शिकार झाली, माळ नांगराखाली गेले. समोरच्या विजेच्या तारा त्यास वेळीच दिसत नाहीत व त्यांवर आदळून तो मरतो. आता जगात दोनशेहूनही कमी माळढोक उरले असून त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत.

झाडे लावणे हे सत्कार्य खरे. पण माळढोकास मोकळे मैदानच हवे असते, कारण तेथे शत्रू दुरूनच दिसतो. गवताळ माळावर दाट झाडी उभी राहिली, तर तो निवारा त्यास पारखा होतो. ज्या जमिनीस आपण सहज 'पडीक' म्हणतो, ती अशा कित्येक जीवांचे घर असते.

मुलांनो, चैत्र-वैशाखात माळावरून जाताना पाऊल टाकण्यापूर्वी खाली अवश्य पाहा. खड्यांसारखे जे दिसते, ती टिटवीची अंडी असू शकतील!