फिरत्या दिव्यांना चाल लावताना

कोल्हापुरात खासबाग मैदानालगत राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले 'पॅलेस थिएटर' १९१५ साली खुले झाले. पुढे संगीत रंगभूमीवरील थोर गायकनट केशवराव भोसले यांचे नाव त्यास देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, या वास्तूचा मोठा भाग आगीच्या भक्ष्यस्थानी पडला व त्यानंतर पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी असो की बाहेरगावच्या मंडळीचा प्रयोग, रंगमंच हाती येतो तो थोड्या तासांसाठीच. तेवढ्या अवधीत फिरत्या दिव्यांकडून काम करून घेणारे हात या शहरात तयार व्हावयाचे असतील, तर त्या दिव्यांची गती कशी रचली जाते हे समजून घेतले पाहिजे.

पूर्वी दिव्याची दिशा शिडीवर चढून हाताने ठरवावी लागे व प्रयोग संपेपर्यंत ती तशीच राही. १९८१ साली 'जेनेसिस' या इंग्लिश वाद्यवृंदाच्या दौऱ्यात व्हॅरी-लाइट दिवे प्रथम वापरले गेले आणि दिवा मोटारीच्या साहाय्याने स्वतःच वळू लागला. १९८६ मध्ये डीएमएक्स ५१२ ही संदेशप्रणाली ठरली. तिच्या एका तारेवरून ५१२ वाहिन्यांचे आदेश जातात व प्रत्येक वाहिनीवर ० ते २५५ यांपैकी एक आकडा असतो.

आडव्या वळणास 'पॅन' व उभ्या वळणास 'टिल्ट' म्हणतात. अनेक दिव्यांचे पॅन ५४० अंशांचे असते. ते २५५ पायऱ्यांत विभागले तर एक पायरी दोन अंशांहून मोठी होते आणि दहा मीटर अंतरावर प्रकाशाचा ठिपका सुमारे ३७ सेंटिमीटर उडी घेतो. संथ गतीत हा धक्का डोळ्यांस खुपतो. म्हणून पॅनसाठी दोन वाहिन्या, एक ढोबळ व एक सूक्ष्म, जोडून वापरतात. मग पायऱ्या ६५,५३६ होतात व तीच उडी दीड मिलिमीटरहूनही कमी भरते.

गतीचा परिणाम रचताना कन्सोलला चार गोष्टी सांगाव्या लागतात : मूळ स्थान, आवाका, वेग आणि कला. पॅन व टिल्ट दोन्ही एकाच लयीत झुलले तर ठिपका तिरप्या रेषेत पुढेमागे जातो. त्यांच्या कलेत ९० अंशांचे अंतर ठेवले की वर्तुळ तयार होते. टिल्टचा वेग दुप्पट केला तर आडव्या इंग्रजी आठासारखी आकृती उमटते.

नवशिक्याची फसगत येथेच होते. दोन्हींचा आवाका सारखा ठेवूनही वर्तुळ चपटे का दिसते? दिवा सरळ खाली पाहत असेल तर पॅन फिरवल्याने झोत जागच्या जागी गिरकी घेतो, सरकत नाही. झोत उभ्या रेषेपासून ३० अंश कलला असेल तर पॅनचा परिणाम निम्माच उरतो. त्यामुळे वर्तुळ गोल दिसण्यासाठी पॅनचा आवाका टिल्टच्या दुप्पट द्यावा लागतो. वेगही बेताचाच हवा. मोटारीस आदेश गाठता आला नाही की आकृती आक्रसते.

दिवे अनेक असले की कलेचे महत्त्व आणखी वाढते. लेझीम पथकात सर्वांनी एकाच ठोक्यावर हात उचलले तर कवायत दिसते, एकामागून एक उचलले तर लाट दिसते. आठ दिव्यांत ही लाट खेळवावयाची तर प्रत्येकास ४५ अंश मागे ठेवावे. पहिल्यास ० व आठव्यास ३६० दिले तर ते दोघे एकत्रच फिरतील, कारण ० आणि ३६० एकच होत.

परिणाम सुरू करताना आवाका शून्यापासून सावकाश वाढवावा, म्हणजे दिवे दचकून उडत नाहीत. संपवतानाही हेच करावे. नव्या प्रवेशासाठी दिव्यांची दिशा बदलावयाची असल्यास ती आधीच्या अंधारात बदलून घ्यावी. गंभीर प्रवेशात मागे एखादा झोत उगाच सरकला की प्रेक्षकांचे लक्ष नटावरून उडते, आणि पुष्कळदा न फिरणारा दिवाच योग्य असतो.

दौऱ्यावरील मंडळींस सर्वांत उपयोगी सवय म्हणजे मूळ स्थाने वेगळी साठवून परिणाम त्यांच्या सापेक्ष ठेवणे. सांगलीचा प्रयोग आटोपून दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात रंगमंचाची उंची व खोली बदलली, तरी 'मध्य', 'सिंहासन', 'डावी विंग' अशी मोजकी स्थाने नव्याने जुळवली की बहुतेक क्यू पुन्हा जागेवर येतात. उरलेल्या वेळात फक्त वर्तुळांचे आवाके तपासावेत, कारण उंची बदलली की झोताचा कल बदलतो आणि काल गोल दिसलेले वर्तुळ आज लांबट दिसू शकते.