मोटारीचे दरपत्रक आणि टायरवरील अंक



घर आणि विवाहकार्य यांच्या खालोखाल मध्यम स्थितीतील कुटुंबाचा मोठा खर्च आज मोटारगाडीचा असतो. वर्षानुवर्षे साठविलेला पैसा एका सहीने दुसऱ्याच्या स्वाधीन होतो. आणि ज्या कागदावर ती सही होते, तो कागद पुष्कळदा कोणी वाचलेलाही नसतो. म्हणून प्रस्तुत लेखात, सांप्रत घरोघरी दिसू लागलेल्या लहान एस. यू. व्ही. गाडीच्या निमित्ताने दोन गोष्टी वाचावयास शिकू : विक्रेत्याचे दरपत्रक, आणि टायरच्या बाजूवर उमटविलेले अंक.

प्रथम या गाड्यांच्या मापाचा विचार करू. भारतातील बहुतेक लहान एस. यू. व्ही. बरोबर ४ मीटरच्या आतच का असतात? याचे उत्तर करपद्धतीत आहे. २००६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात ४ मीटरपेक्षा अधिक लांब नसलेल्या, आणि पेट्रोलचे इंजिन १२०० घन सेंटिमीटर किंवा डिझेलचे १५०० घन सेंटिमीटर यांहून मोठे नसलेल्या गाड्यांना करात सवलत मिळाली. तीच मर्यादा पुढे वस्तु व सेवा करातही राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मर्यादेतील गाडीवर १८ टक्के, तर मर्यादेबाहेरील गाडीवर ४० टक्के कर आहे. काही सेंटिमीटर लांबीने किंमत किती बदलते, हे यावरून ध्यानात येईल.

आता दरपत्रकाकडे वळू. त्यातील प्रत्येक ओळीस आपण एकच प्रश्न विचारावा : ही रक्कम कायद्याने आवश्यक आहे, उपयोगाची आहे, की केवळ ऐच्छिक आहे? गाडीची मूळ किंमत, राज्याचा रस्ताकर, नोंदणीशुल्क, विमा आणि फास्टॅग या आवश्यक बाबी होत. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या मोटारीस तृतीय पक्षाचा विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो. परंतु तो कोणत्या कंपनीकडून घ्यावा, हे ठरविण्याचा अधिकार ग्राहकाचा आहे. विक्रेत्याने सुचविलेल्या विम्याची अन्य दोन ठिकाणच्या दरांशी तुलना अवश्य करावी. गाडीची किंमत १० लाख रुपयांहून अधिक असल्यास १ टक्का कर उगमापाशी घेतला जातो. तो मात्र पुढे आयकराच्या हिशेबात वळता करून घेता येतो. ‘हाताळणी खर्च’ अशी ओळ दिसल्यास, तो कोणत्या कामाचा आणि कोणत्या नियमाने, हे लेखी विचारावे.

आम्हांस हा धडा अनुभवाने मिळाला. आमच्या घरी गाडी घ्यावयाचे ठरले तेव्हा दरपत्रकाच्या अखेरीस ‘ॲक्सेसरीज किट : ४०,००० रुपये’ अशी ओळ होती. आम्ही सही करण्याच्या बेतात होतो. इतक्यात सोबत आलेल्या, आठवीत शिकणाऱ्या आमच्या पुतणीने विक्रेत्यास विचारले, “यात काय काय येते?” तो हसून म्हणाला, “हे सगळेच घेतात, बाय. किट घेतले नाही तर गाडी मिळावयास उशीर लागेल.” आम्ही लेखणी खाली ठेविली आणि वस्तूंची यादी मागितली. तीत पायपुसणी, आसनांची आवरणे, पुढील बाजूचा लोखंडी दांडा, गंजरोधक लेप आणि दारांवरील चकचकीत पट्ट्या होत्या.

या यादीचा एकेक करून विचार केला. पायपुसणी उपयोगाची, परंतु ती बाजारातही मिळतात. आमच्याकडील समुद्राची खारी हवा पाहता गंजरोधक लेपाचा मोह पडणे स्वाभाविक आहे. तथापि कारखान्यात कोणते संरक्षण दिलेले आहे आणि गंजाविषयी उत्पादकाची हमी किती वर्षांची आहे, हे आधी विचारणे योग्य. लोखंडी दांडा तर घातकच. धडकेच्या वेळी गाडीचा पुढील भाग दबून आघात शोषून घेतो, त्या रचनेत तो अडथळा आणतो, पादचाऱ्यासही अधिक इजा करतो. म्हणून केंद्र शासनाने डिसेंबर २०१७ मध्ये अशा दांड्यांविरुद्ध कारवाईचे निर्देश राज्यांना दिले. आसनांच्या आवरणांचा दोषही आमच्या पुतणीनेच शोधिला. आसनाच्या कडेला एअरबॅगची लहानशी पट्टी शिवलेली होती. सर्व बाजूंनी घट्ट आवरण चढविले तर आसनातील हवेची पिशवी ऐन वेळी नीट उघडणार नाही. म्हणजे पैसे देऊन आपण आपलेच संरक्षण झाकून ठेविणार होतो!

येथे थोडे गणित करू. हे ४०,००० रुपये कर्जातच मिळविले, व्याज द. सा. द. शे. ९ आणि मुदत ७ वर्षे धरली, तर मासिक हप्ता सुमारे ६४४ रुपये वाढतो आणि एकूण फेड सुमारे ५४,००० रुपये होते. चार दिवसांत विसरल्या जाणाऱ्या पट्ट्यांसाठी सात वर्षे व्याज भरावे लागते.

एखादी वस्तू घेण्यासाठी दुसरी घेतलीच पाहिजे अशी सक्ती करणे, ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे निर्बंधात्मक व्यापारप्रथा ठरते. आम्ही हे शांतपणे सांगितले. किट दरपत्रकातून गेले, आणि गाडी ठरल्या दिवशीच मिळाली. अडचण आल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा १९१५ हा क्रमांक आहे.

आता दुसरे वाचन. गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो केवळ चार टायरांच्या तळहाताएवढ्या भागांतून. टायरवर ‘२१५/६० आर १६ ९५ व्ही’ असे लिहिलेले असेल, तर २१५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ६० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, अर्थात १२९ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी. १६ हा रिमचा इंचांतील व्यास. ९५ हा भारांक असून त्याचा अर्थ प्रत्येक टायरमागे जास्तीत जास्त ६९० किलोग्रॅम. आणि ‘व्ही’ ही ताशी २४० किलोमीटर ही टायरची मर्यादा, चालविणाऱ्यास दिलेली परवानगी नव्हे.

या टायरचा पूर्ण व्यास ४०६.४ + २ × १२९ = ६६४.४ मिलिमीटर होतो. दिमाखासाठी कोणी त्याच रिमवर २३५/६५ मापाचा टायर बसविला, तर व्यास सुमारे ७१२ मिलिमीटर, म्हणजे ७ टक्क्यांनी अधिक होईल. मग वेगदर्शक काटा ८० दाखवीत असता गाडी प्रत्यक्षात सुमारे ८६ च्या वेगाने धावत असेल. चालकास आपण सावकाश जात आहोत असे वाटेल, आणि ते खोटे असेल.

टायरचे वयही त्यावरच लिहिलेले असते. चार अंकी खूण ‘२३२५’ असेल, तर तो २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. गाडी ताब्यात घेताना पाचही टायरांची ही खूण पाहावी. स्टेपनी विसरू नये. काही गाड्यांत ती लहान मापाची असते व तीवर निराळी वेगमर्यादा लिहिलेली असते. तसेच विक्रीप्रमाणपत्रातील, म्हणजे नमुना २१ मधील, सांगाड्याचा क्रमांक आणि उत्पादनाचा महिना गाडीशी ताडून पाहावा.

शेवटी खाचांविषयी. टायरवरील खाचा शोभेसाठी नसतात. चाकाखालील पाणी बाहेर काढणे हे त्यांचे कार्य. खाचेच्या तळाशी लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीस आला म्हणजे खाच अवघी १.६ मिलिमीटर उरली, आणि टायर बदलण्याची वेळ झाली. आषाढात चोर्ला घाटाने बेळगावास जाणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे. खाच उथळ असली की वेगात चाक पाण्याच्या थरावर तरंगते, आणि मग सुकाणू व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. हवा किती भरावी हे बहुधा चालकाच्या दारापाशी चिकटविलेल्या पत्रकावर असते. महिन्यातून एकदा, टायर थंड असताना ती तपासावी.

मित्रहो, अक्षरओळख आणि त्रैराशिक यांपलीकडील कोणतेही ज्ञान यासाठी लागले नाही. तुमच्या घरी अशी खरेदी निघेल तेव्हा वडीलधाऱ्यांसोबत जा, दरपत्रक मोठ्याने वाचा, आणि न समजलेल्या ओळीचा अर्थ विचारण्यास संकोचू नका. घरचा पैसा आणि घरची माणसे, दोन्ही त्या गाडीत बसावयाची आहेत.