पाळवणकर बाळू

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात युरोपियनांचा एक क्रिकेट क्लब होता. तेथे बाळू नावाचा एक तरुण खेळपट्टीवर रूळ फिरवी, जाळी बांधी आणि साहेबमंडळींना सरावासाठी चेंडू टाकी. पगार होता महिना 4 रुपये. तासन् तास तो गोलंदाजी करी. परंतु फलंदाजी करण्याची संधी त्याला कोणी दिली नाही. बॅट हाती धरणे हा साहेबांचा मान! नोकराने चेंडू टाकावा, इतकेच.

बाळूचा जन्म 1876 साली झाला. पाळवणकर हे चर्मकार कुटुंब. वडील लष्करात चाकरीस होते. डाव्या हाताने संथ चेंडू टाकताना बाळू त्यांस असे वळण देई, की भले भले फलंदाज गोंधळून जात. ग्रेग नावाचे एक नामांकित इंग्रज फलंदाज होते. बाळूने आपणास बाद केले, की ते त्याला आठ आणे देत, असे सांगतात.

पुण्यातील हिंदू क्लबला युरोपियनांवर विजय मिळवायचा होता. बाळूवाचून ते घडणे कठीण, हे सर्वांना कळत होते. तरी अस्पृश्य मानलेल्या मुलास संघात घेण्यास अनेकांचा विरोध होता. शेवटी त्याला घेतले. मैदानावर सारे त्याच्या हातचा चेंडू झेलत. पण चहाची वेळ झाली, की इतरांना मंडपात चिनी मातीच्या पेल्यांतून चहा मिळे आणि बाळूला बाहेर, मातीच्या परळात. त्याचे जेवणाचे पानही वेगळे मांडीत. चेंडूला विटाळ नव्हता, पेल्याला मात्र होता!

पुढे बाळू मुंबईस गेला आणि तेथील हिंदू संघातून खेळू लागला. 1906 साली या संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरविले. बाळूबरोबर त्याचा धाकटा भाऊ शिवराम हाही त्या संघात होता. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघाचे बहुतेक सामने हरले. परंतु बाळूने त्या दौऱ्यात 114 गडी बाद केले. ज्यांच्या देशबांधवांसाठी त्याने पुण्यात रूळ ओढला होता, त्यांच्याच मैदानांवर त्याने हे यश मिळविले.

एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूला कधी मिळाले नाही. त्याच्यापेक्षा कमी अनुभवाचे, पण वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीचे खेळाडू पुढे केले जात. 1920 साली तर बाळूला प्रथम संघातूनच वगळले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी हा अन्याय उघडपणे सांगितला आणि ते संघातून बाहेर पडले. खेळावर जीव असलेल्या खेळाडूला मैदान सोडणे किती जड जाते, हे खेळणाऱ्या मुलांना सांगावयास नको. अखेर बाळूला संघाचे उपकर्णधारपद देण्यात आले.

तीन वर्षांनी, 1923 साली, विठ्ठल पाळवणकर हिंदू संघाचा कर्णधार झाला. त्या वर्षी त्याच्या संघाने युरोपियनांचा पराभव केला. सामना संपताच प्रेक्षक मैदानात धावले. त्यांनी विठ्ठलला उचलून खांद्यावर घेतले आणि त्याची मिरवणूक काढली.