विमेदाराची हमी आणि चिंतामणराव देशमुख

खालापूर तालुक्यातील लोधिवलीच्या शेतकऱ्याने आयुर्विमा महामंडळाचे विमापत्र घेतले, तर त्यातील रकमेस व जाहीर झालेल्या बोनसला केंद्र शासनाची हमी असते. १९५६ च्या कायद्याचे ३७ वे कलम ती देते. हा कायदा घडविणारे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख याच जिल्ह्यात, महाडजवळील नाते येथे जन्मले आणि १९५२ मध्ये कुलाब्यातून, म्हणजे आजच्या रायगडातून, लोकसभेवर गेले. ते व्यवसायाने वकील नव्हते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. काही खाजगी विमा कंपन्या बुडून विमेदारांची पुंजी धोक्यात आली होती. १९ जानेवारी १९५६ च्या वटहुकुमाने २४५ विमासंस्थांचा कारभार शासनाकडे आला. गुप्तता कडेकोट होती. सुगावा लागता, तर निधी अन्यत्र वळविला जाण्याचे भय होते. महामंडळ १ सप्टेंबरला सुरू झाले. तत्पूर्वीच, जुलैमध्ये, मुंबईच्या प्रश्नावरून देशमुखांनी मंत्रिपद सोडले होते.